चार तारा, तेरा पट्ट्या आणि पायाखालचा वाद्यवृंद

स्टेजवर तीनच माणसं. एक ड्रमवर, एक गिटारवर, तिसऱ्याच्या गळ्यात बेस आणि तोंडासमोर माइक. कोरस येतो तसा मागून व्हायोलिनचा ताफा उभा राहतो, त्याखाली सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, जाड खर्ज लागतो, आणि कीबोर्डवाला मात्र कुठेच दिसत नाही. समोर बसलेल्यांतले निम्मे म्हणतात, आधी मुद्रित केलेला ट्रॅक सोडलाय. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही बँडमध्ये हा सगळा ताफा बेसवाल्याच्या पायाखाली असतो. तो कधी लागायचा आणि किती वेळ टिकायचा, हे त्याचा पाय दर वेळी नव्याने ठरवतो. हे चालतं कसं, आणि बेसच्या तारा हाताशी असताना हे काम पायांकडे का जातं, ते या लेखात बघू.

आपल्याकडच्या वाद्यवृंदांत बऱ्याचदा याच्या उलट चित्र असतं. हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळतो आणि बेस गिटारवाल्याचं मानधन वाचतं. ज्याच्याबद्दल इथे बोलतोय त्याने कीबोर्डवाल्याचं वाचवलेलं असतं.

ट्रिगर म्हणजे नुसता निरोप

पायाखालच्या, कीबोर्डसारख्या पण पायाने दाबायच्या पट्टीत आवाज नसतो. ती दाबली की केबलमधून एक छोटा निरोप जातो आणि आवाज दुसऱ्याच डब्यात तयार होतो: सिंथमध्ये, सॅम्पलरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये. सिंथ आवाज जागच्या जागी घडवतो. सॅम्पलर आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज वाजवतो, म्हणून खऱ्या व्हायोलिनचा भास हवा असेल तर गाठ सॅम्पलरशी.

या निरोपाची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथ केबलने जोडून दाखवले गेले आणि ते एकमेकांशी बोलले. त्यामागच्या खटपटीबद्दल सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आजही स्टेजवर मुख्यतः हीच भाषा चालते.

निरोप असतो तीन आकड्यांचा. समजा 144, 55, 90. यातला 144 म्हणजे ‘पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू कर’. 55 म्हणजे कोणता स्वर: मधला सी 60 धरला तर 55 हा त्याच्या खालचा जी. आणि 90 म्हणजे किती जोरात, 1 ते 127 च्या मोजपट्टीवर. पाय उचलला की ‘स्वर बंद कर’ असा दुसरा निरोप जातो. व्हायोलिनचा यात उल्लेखही नाही, म्हणून त्याच पट्टीवर एका गाण्यात चेलो लावता येतो आणि पुढच्या गाण्यात घंटानाद. मिडीची केबल सेकंदाला 31,250 बिट वाहून नेते. तीन आकड्यांचा हा निरोप त्या हिशेबाने जेमतेम 1 मिलिसेकंदात पोचतो. उशिराचं खापर मिडीवर फोडायची सवय पुष्कळांना आहे, पण खरा उशीर दुसरीकडेच होतो.

बेसची तार सावकाश बोलते

पाय कशाला, बेसच्या तारेवरूनच ट्रिगर करा की, असं प्रत्येक जण सुचवतो. स्वर तर ती वाजवतेच आहे. यंत्राने तो ओळखायचा आणि सॅम्पलरला कळवायचा. कल्पनेत खोट काढण्यासारखं काही नाही. अडतं ते भौतिकशास्त्रात.

स्वर ओळखायचा तर यंत्राला कंपनं मोजावी लागतात, आणि मोजायला निदान एक आवर्तन पुरं व्हावं लागतं. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे मोकळी ई, सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. एका आवर्तनाला 24 मिलिसेकंद. त्यातही तार छेडल्याबरोबरचा पहिला झटका हा निव्वळ खडखडाट असतो, त्यातून स्वर कळत नाही. सावध यंत्र म्हणून दोन आवर्तनं थांबतं, आणि 49 मिलिसेकंद तिथेच गेले. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग 125 मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे तुमची नोट दोन पंचमांश वाजून झाल्यावर व्हायोलिनला जाग येणार. पाच तारांच्या बेसवरच्या खालच्या बी ची तर गोष्टच सोडा. तिचं एक आवर्तनच 32 मिलिसेकंदांचं. गिटारवाल्याच्या पातळ ई तारेचं आवर्तन 3 मिलिसेकंदांत संपतं, म्हणून गिटारवरून सिंथ वाजवणारे बरे दिसतात आणि बेसवरून वाजवणारे क्वचित.

किती उशीर खपतो? आवाज हवेतून 1 मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. तुमचा अँप साडेतीन मीटर मागे असेल तर तुम्ही स्वतःचा बेस रोजच 10 मिलिसेकंद उशिरा ऐकता आणि कुरकुर करत नाही. 10 चालतात. 50 चालत नाहीत. ड्रमवाल्याच्या किकबरोबर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर, व्हायोलिनचा आघात यायचा असेल तर 50 ला ते दोन वेगळे ठोके ऐकू येतात आणि बँड कच्चा वाटतो.

यावर लोकांनी डोकं लढवलंय. रोलँडच्या जीके घराण्यातल्या पिकअपमध्ये (पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारा भाग) प्रत्येक तारेला वेगळा पिकअप असतो, त्यामुळे दोन तारा एकदम वाजल्या तरी यंत्राचा गोंधळ होत नाही. पण जाड तारेचं आवर्तन त्याने आखूड होत नाही. दुसरी युक्ती म्हणजे वरच्या तारेवर, बाराव्या पडद्याच्या आसपास वाजवायचं आणि सिंथला ते खालच्या सप्तकात उतरवायला सांगायचं. तिथे आवर्तन 5 मिलिसेकंदांचं, म्हणजे काम फत्ते. फक्त तेवढ्या वेळात तुमचा बेस कोण वाजवणार?

सगळ्यात सुंदर तोडगा ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह चिक यांचा. त्यांच्या पद्धतीवर पीव्ही कंपनीने 1990 च्या दशकात मिडीबेस नावाचं वाद्य काढलं. त्यात पडद्यांनाच विजेच्या तारा जोडलेल्या. डाव्या हाताने तार पडद्यावर दाबली की मंडल पुरं होतं आणि स्वर कोणता हे यंत्राला छेडण्याआधीच कळतं. उजव्या हाताने छेडलं की फक्त ‘आता’ एवढंच कळायचं उरतं. कंपनं मोजत बसायची गरजच नाही. मला ही कल्पना या सगळ्या विषयातली सगळ्यात हुशार कल्पना वाटते. तरी असे बेस थोडेच बनले आणि दुकानात सहजी मिळत नाहीत. शिवाय आपला हातचा, सवयीचा बेस बाजूला ठेवून दुसराच गळ्यात घालायचा, हे बेसवाल्यांच्या जिवावर येतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. तुम्हाला फक्त सिंथसारखा बेस हवा असेल, फुगीर, वळवळणारा, तर यातलं काहीच लागत नाही. बॉस कंपनीच्या एसवायबी-5 सारखी बेस सिंथ पेडलं तुमच्या तारेच्या सिग्नललाच हाताशी धरून त्यातून सिंथचा आवाज काढतात. एक पेडल, एक जॅक, विषय संपला. व्हायोलिनचा ताफा मात्र बेसच्या लहरीला कितीही पिळलं तरी निघत नाही. तो आधी मुद्रित केलेलाच लागतो, म्हणून स्वर कोणता हे कुणीतरी सांगावंच लागतं. ते सांगायला आता पायच मोकळे आहेत.

पायांचा इतिहास

पायाने वाद्य हाकणं आपल्याला नवं नाही. संगीत नाटकांत ऑर्गनवाल्याचे पाय अखंड भात्यावर चालायचे. पण तिथे पाय हवा भरणार आणि स्वर हातांचे. चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनला खाली पायांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात आणि खर्जाचे स्वर पायच वाजवतात. रॉकवाल्यांनी उचललं ते हे.

1970 च्या दशकाच्या मध्यात मूग कंपनीने टॉरस नावाचं यंत्र आणलं: जमिनीवर ठेवायचा पेटारा, पुढे पायाच्या तेरा पट्ट्या, आत सिंथ. एका वेळी एकच स्वर. तयार आवाज तीन, त्यातला टॉरस याच नावाचा आवाज इतका जाड की सभागृहाची जमीन हलल्यासारखी वाटते. जेनेसिसचा माइक रदरफोर्ड गिटार हातात घेतल्यावर बेसची जबाबदारी त्यावर सोपवायचा. पोलीस या तिघांच्या बँडमध्ये स्टिंगही तो वापरायचा.

पण या कामाचा खरा उस्ताद म्हणजे कॅनडातल्या रश या बँडचा गेडी ली. त्यात तीनच माणसं होती: गेडी ली बेस आणि गायन, अ‍ॅलेक्स लाइफसन गिटार, नील पर्ट ड्रम. 1977 च्या ‘अ फेअरवेल टू किंग्ज’ या अल्बममध्ये गेडीच्या नावापुढे बेस आणि गायनाबरोबर मिनीमूग सिंथ आणि पायाने वाजवायची बेस सिंथ पेडलंही आहेत. त्यातल्या ‘झॅनाडू’ या लांबलचक गाण्यात तो रिकनबॅकर कंपनीचं दोन माना असलेलं वाद्य घेऊन उभा राहायचा, एक मान बेसची, दुसरी बारा तारांच्या गिटारची. हात गिटारच्या मानेवर गेले की खर्ज पायाकडे. त्या काळच्या चित्रफिती मिळतात, आणि त्या बघताना वरच्या हातांपेक्षा खालच्या बुटांकडे लक्ष द्या.

मिडी आणि सॅम्पलर आले तसं चित्र पालटलं. टॉरस फक्त स्वतःचा आवाज काढायचा. कॉर्गच्या एमपीके-130 सारखी मिडी पेडलं कुठल्याही यंत्राला हुकूम सोडू लागली. मग स्टुडिओत थरावर थर चढवून केलेली गाणी स्टेजवर आणताना रशने चौथा माणूस न घेता थरांची वाटणी केली. काही आवाज गेडीच्या पायात, काही लाइफसनच्या पायात, काही पर्टच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर. 2012-13 च्या दौऱ्यात मात्र त्यांनी खऱ्या तारवाद्यांचे वादकच सोबत घेतले. पायाने किती होतं आणि किती होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

एक कोरस पायात बसवू

आता प्रत्यक्ष मांडणी. समजा कोरसचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, आहेत ई मायनर, सी, जी, डी. सॅम्पलरमध्ये प्रत्येक पट्टीला एक स्वर देण्याऐवजी अख्खा कॉर्ड देता येतो, आणि बेसवाल्याने तेच करावं. पायाने तीन पट्ट्या एकदम दाबता येत नाहीत, आणि दाबल्या तरी आपण पडू.

कॉर्ड देताना खर्जातला मूळ स्वर गाळायचा, कारण तो बेसवर वाजतोच आहे. व्हायोलिनच्या ताफ्याला आकड्यांत सांगायचं तर:

ई मायनर: 55, 59, 64
सी: 55, 60, 64
जी: 55, 59, 62
डी: 54, 57, 62

हे आकडे नीट बघा. कॉर्ड बदलताना कुठलाही स्वर जास्तीत जास्त दोन घरं सरकतो, काही तर जागेवरच राहतात. खरे व्हायोलिनवाले असेच वाजवतात, कॉर्डगणिक हात वरखाली उडवत नाहीत. सॅम्पल कितीही महाग असलं तरी उड्या मारणारे कॉर्ड दिले की ते स्वस्त कीबोर्डसारखं ऐकू येतं. दुसरं म्हणजे सगळ्यात खालचा स्वर 54, म्हणजे 185 हर्ट्झ. त्याखालचा सगळा मुलूख बेस आणि किकला मोकळा. तरीही सॅम्पलमध्ये खोलीची घूं-घूं भरलेली असते, ती 150 हर्ट्झच्या खाली छाटून टाकावी.

मग तीन-चार बारीक गोष्टी. जोर ठराविक करून टाकायचा, 90 वगैरे. पायाला जोराचं भान नसतं, बूट कधी आपटतो कधी निसटतो, आणि तेवढ्याने व्हायोलिन किंचाळलं तर हसू होतं. नवी पट्टी दाबली की आधीचा कॉर्ड आपोआप बंद व्हावा असं लावून ठेवायचं, आणि बंद होताना तो झटकन न तुटता थोडा विरत जावा. पाय एका पट्टीवरून दुसरीवर जाईपर्यंतची फट त्याने झाकली जाते.

तारवाद्यांच्या सॅम्पलमध्ये गज ओढला जातो, आवाज फुलायला वेळ लागतो. ठोक्यावर पट्टी दाबली तर कान म्हणतो उशीर झाला, यंत्र म्हणतं मी वेळेवर आहे. त्यामुळे पाय ठोक्याच्या किंचित आधी आणि हात ठोक्यावर, अशी शरीराची फाळणी करावी लागते. सगळ्यात जास्त सराव इथेच जातो. ते जमत नसेल तर टोकदार आघाताचा पॅच, म्हणजे तसा लावून ठेवलेला आवाज, निवडावा, त्यात कमीपणा नाही.

लयीचे तयार तुकडे मात्र पट्टीवर शक्यतो ठेवू नयेत. 120 च्या लयीत मुद्रित केलेला दोन बारचा (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) तुकडा बरोबर 4 सेकंदांचा असतो. ड्रमवाला जोशात येऊन 124 वर गेला की त्याचे दोन बार 3.87 सेकंदांत संपतात आणि तुमचा तुकडा 130 मिलिसेकंद मागे लोंबकळत राहतो. यावर ड्रमवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, हा एक उपाय, किंवा तुकडा एकेका बारचा कापून प्रत्येक बारला पाय मारायचा. लांब धरलेल्या स्वरांना ही कटकटच नाही. लय हातात ठेवावी आणि पायाला फक्त रंग भरू द्यावा, असं माझं मत.

आणि तोल. चार किलोचा बेस गळ्यात, तोंड माइकला, एक पाय पट्टीवर. सगळं वजन दुसऱ्या पायावर. जाड तळव्याच्या बुटात पट्टी कळतच नाही, म्हणून पातळ तळव्याचे बूट, आणि लागणाऱ्या पट्ट्यांवर रंगीत टेप. स्टेजवरचा प्रकाश निळा असेल तर निळी टेप दिसत नाही, हे आधी कुणी सांगत नाही.

आवाज बाहेर काढताना

व्हायोलिन बेस अँपमधून सोडू नका. दहा-पंधरा इंचांचे ते स्पीकर खर्जासाठी बनलेले. वरची चमक तिथे मरते आणि उरतो तो घोंगडी पांघरलेला आवाज. बेसची एक लाइन, ट्रिगर केलेल्या आवाजांची दुसरी लाइन, दोन्ही डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा छोटा डबा) थेट मिक्सरला. आपल्याकडच्या उत्सवाच्या स्टेजवर साउंडवाला “एकच लाइन आहे” म्हणण्याची शक्यता दाट असते, म्हणून आपला छोटा मिक्सर जवळ असावा. आणि घरी स्टिरिओत भव्य वाटणारा पॅच मोनोत अंग चोरतो का, ते घरीच तपासावं.

लॅपटॉप वापरणार असाल तर उशिराची दुसरी जागा तिथे आहे. तो आवाज थोडा थोडा साठवून पाठवतो. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या दराने 128 नमुन्यांचा साठा म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 256 चा म्हणजे 5.3. त्यात येण्या-जाण्याचे आणखी काही मिळतात. साठा कमी केला तर उशीर घटतो पण आवाज तडतडायला लागतो. 128 वर सुरुवात करून तडतड झाली तर 256 वर जावं. अ‍ॅपलचं मेनस्टेज आणि एबलटन लाइव्ह ही दोन सॉफ्टवेअर या कामात सर्रास दिसतात. वायफाय बंद, अपडेट बंद, सूचना बंद. चार्जर जोडल्यावर गुणगुण येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, आणि कार्यक्रम जनरेटरवर असेल तर लॅपटॉप आणि त्याचा आवाज बाहेर काढणाऱ्या इंटरफेससाठी छोटा यूपीएस ठेवा.

पेडल पुढे, यंत्रं मागे असतील तर केबलची लांबीही मोजा. यूएसबीची केबल 5 मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. पाच पिनांची जुनी मिडी केबल 15 मीटरपर्यंत चालते, आणि कुणाच्या पायात अडकली तर यूएसबीसारखी लगेच निसटतही नाही.

आणि अडकलं तर

सगळ्यात ठरलेला घोटाळा म्हणजे चिकटलेला स्वर. पट्टी दाबलेली असताना केबल सुटली की ‘स्वर बंद कर’ हा निरोप कधी पोचतच नाही. गाणं संपतं, टाळ्या पडतात, निवेदक बोलायला लागतो आणि व्हायोलिनचा ताफा ई मायनरवर अडून बसलेला असतो. मिडीत यासाठी 123 क्रमांकाचा हुकूम आहे: सगळे स्वर बंद. पण सुटलेल्या केबलमधून तोही जाणार नाही, हे विसरू नका. म्हणून या आवाजांची लाइन बंद करणारा एक साधा म्यूट पेडल डीआयच्या आधी असावा. तो यंत्रांना काही विचारत नाही, सरळ तोंड दाबतो.

123 चा हुकूम शेवटच्या, तेराव्या पट्टीवर ठेवायची पद्धत चांगली आहे. पुढच्या गाण्याचे आवाज लावणारा हुकूम मात्र तिच्या शेजारच्या पट्टीवर कधीच ठेवू नये. पाय अर्धा सरकला की कोरसच्या मधोमध पुढच्या गाण्याची घंटा वाजते, आणि गिटारवाला ज्या नजरेने बघतो त्यावर अजून कुठल्याही कंपनीने पेडल काढलेलं नाही.